रिकाम्या कंटेनरमधले मूठभर तांदूळ

उरण, रविवार

आदरणीय आत्या,

सविनय जयभीम. गुडघा कसा आहे? (शेजारच्या बारकीचं ऐकून पुन्हा रुईचा पाला बांधला असशील तर मला कळवू नकोस.) मी बरी आहे, असं लिहायचं ठरवूनच बसले आहे.

इथे बंदर वाढतंच आहे. समुद्र मागे सारून नवा धक्का झाला, त्यावर आपल्या गावामागच्या सिद्धगडाला वाकून बघतील अशा उंच क्रेन. जगातला माल कंटेनरमधून उतरतो, देशभर जातो, आणि रिकामे झालेले कंटेनर आमच्या यार्डात येतात. आत शिरून ते कोरडे, झाडलेले आहेत का बघायचं, वहीत 'रिकामा' लिहून सही करायची, हे माझं काम. मग ते परदेशी, आपल्या मालकाकडे जातात. तसेच, रिकामे. दिवसाला साठ.

आत्या, तूच शिकवलंस, "कुनाचं भांडं रिकामं देऊ नाय गो, त्या घराला वाईट वाटतं." घरात काही नसलं तर तू कढीपत्त्याची डहाळी टाकायचीस. इतके महिने मी जीव आवरला. मंगळवारी एका कंटेनरच्या कोपऱ्यात तू दिलेले मूठभर तांदूळ कागदावर ठेवले. (निवडून ठेवले. खडा निघाला असता तर मुरबाडचं नाव गेलं असतं.) कुणाला कळलंही नसतं, पण सही करताना हात थबकला. खोटं कसं लिहू? म्हणून लिहिलं, 'रिकामा, मूठभर तांदूळ वगळून.'

धान्य म्हणजे कीड, कीड म्हणजे औषधाची धुरी. कंटेनर अडला, जहाज त्याला न घेताच गेलं. मी धक्क्याकडे बघत राहिले. घरी निघालेला, माझ्यामुळे राहिला बिचारा.

आमच्या मनोज सरांनी वही दोनदा वाचली. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "घरी कधी गेली होतीस?"

"जयंतीला," मी म्हटलं.

दिवाळीही होऊन गेली होती. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि रजेचा अर्ज पुढे सरकवला. त्यात कारणाचा रकाना आहे. 'आठवण येते' हे कारण त्यात बसत नाही, आणि खोटं आजारपण माझ्याच्याने लिहवत नाही. अर्ज अजून कोराच आहे.

तुझी,
संघरत्ना

ता. क. तुझा स्टीलचा डबा जयंतीपासून माझ्याकडे आहे. तो तू जरा रागावून परत माग. तू मागितलास की कारण खरं होईल.

ता. क. दुसरा. त्यात घालण्याजोगं इथे काही मिळत नाही. मी स्वतः घेऊन आले, तर रिकामा चालेल का?