विहीणबाई सस्कॅचवानकर

५ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. शनिवारी सूनबाईची आई, म्हणजे माझी विहीण मोराग, कॅनडातल्या सस्कॅचवानहून येतेय. मुलगा अनिरुद्ध आणि सून फियोना तिकडेच नोकरीला, त्यांना रजा नाही. उत्तमच. दोन बायका समोरासमोर बसल्या की प्रश्न सुटतो. बेत सोपा आहे. विहिणीने मुंबईतलं आमचं चारकोप बघायचं, प्रसन्न व्हायचं आणि लेकीला सांगायचं, जा, सासरी राहा. मार्चपर्यंत दोघं इथे. अनिरुद्धच्या खोलीला रंग काढायचाय. हे म्हणाले, आधी त्या दोघांना विचार. ह्यांना प्लॅनिंग जमत नाही.

७ जानेवारी
विहिणीचा अभ्यास. तिचे पणजोबा स्कॉटलंडच्या एका बेटावरून बायकापोरं घेऊन तिकडे गेले. सरकार जवळजवळ फुकट जमीन देत होतं. अट एकच, तिथे राहून कसायची. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं घर. शेजारच्या सुगंधाला सांगितलं तर म्हणते, म्हणजे आपल्यासारखेच गं. आपल्यासारखे कसे? आपण फ्लॅटमध्ये राहतो.

१० जानेवारी
विहीणबाई आल्या. लिफ्ट बंद. बॅग स्वतः उचलून वर आणली. ओटी भरली, तर नारळ हातात फिरवून विचारलं, एका झाडाला किती लागतात. माझं इंग्रजी ऐकून गप्प झाल्या. इम्प्रेशन पडलं.

१२ जानेवारी
मॉल दाखवला. असा आमच्याकडेही आहे, म्हणाल्या. मेट्रोतून फिरवलं. त्यांचा प्रश्न एकच, इथे माती कुठे आहे?

१६ जानेवारी
लिहायला वेळ झाला नाही. विहीणबाईंनी स्वयंपाकघर आवरायला काढलं आणि मला हाताखाली घेतलं. मी घेऊ दिलं. पाहुण्याचं मन राखावं. गळका नळही त्यांनीच दुरुस्त केला. हे पाना धरून उभे.

१८ जानेवारी
जेवताना पुन्हा पणजीचं पुराण. बर्फाच्या वादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायची, तो धरून धारा काढायला जायची. शेवटी मला राहवेना. हाल काय फक्त त्यांनीच काढले? सांगितलं, सासरे गाव सोडून गिरणीत आले, सासूबाई मागे एकट्या, पोर बांधावर निजवून लावणी करायच्या. शेती आमच्या रक्तात आहे. आमचा अनिरुद्धसुद्धा दर सुट्टीत गुडघाभर चिखलात, दिवसभर कंबर सरळ करत नसे.

हे मालवणीत म्हणाले, "अगो, एकदाच उतरललो तो. जळू बघून रडत भायर इलो."

मी ह्यांना भाजी वाढली. विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. जिंकले.

१९ जानेवारी
विहीणबाई सकाळपासून लेकीशी फोनवर. मधूनमधून अनिरुद्धचं नाव. बेत फळाला येतोय. रंगाऱ्याला सांगितलं, पिस्ता कलर.

२१ जानेवारी
अनिरुद्धचा फोन. नुसता उड्या मारत होता. त्याच्या सासूच्या मनात धाकधूक होती म्हणे, कॉम्प्युटरवाल्या जावयाच्या हवाली शेत कसं करायचं? विकायलाच निघाल्या होत्या. त्याआधी त्याच्या घरची माणसं बघून घेऊ म्हणून इकडे आल्या. आता सगळी जमीन ह्या दोघांना. हा नोकरी सोडतोय. मे महिन्यात गव्हाची पेरणी.

"आई, हे तुझ्यामुळे झालं."

मी म्हटलं, अरे, तुला शेतीतलं काय कळतं? म्हणाला, ते फक्त त्यांना सांगू नकोस. मग इकडे कधी येणार, असं विचारलं.

"पहिलं पीक काढलं ना, की लगेच येतो."

म्हणजे येणारच. शब्दाचा पक्का आहे.

२२ जानेवारी
चहा देताना विहीणबाईंना अनिरुद्धचा शब्द सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, पणजोबाही बेटावरच्या आपल्या आईला दर वर्षी हेच कळवायचे, यंदाचं पीक काढलं की येतो. मी विचारलं, मग कधी गेले?

"आमच्या गोठ्यामागे पुरलंय त्यांना," विहीणबाई म्हणाल्या.

हे माझ्याकडे बघत होते. मी ह्यांना समजावलं, तेव्हा बोटीने जावं लागायचं. विमानं नव्हती.