पिशवी हिरवी होती

प्रति,
मा. अपील अधिकारी,
कारखाना सुरक्षा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : ओतकाम विभागातील अपघाताचा दोष पावडर-कामगाराच्या माथी मारणारा निष्कर्ष रद्द करून त्यांची बडतर्फी थांबवणेबाबत.

संदर्भ : १) चौकशी समितीचा अहवाल, परिच्छेद ७.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. त्यांना उत्तरे आली, पण मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकातही नव्हते.

महोदय,

“पोलादाचं तोंड उघडं पडू देऊ नको गं. तापल्या लेकराला पांघरूण घालतात तसं घाल. एकदम ओझं नको. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.” एकोणीस वर्षांपूर्वी ओतकामाच्या फलाटावर मी पहिल्यांदा पाय ठेवला, त्या दिवशी हा आवाज ऐकला. बोलणारे माझे थोरले बंधू. फलाटावर सगळे त्यांना झाकणदादा म्हणतात, कारण साच्यातले पोलाद क्षणभरही उघडे दिसले तर ते हातातला चहा टाकून धावतात. लांब दांड्याच्या दाताळ्याने पावडर सारखी करताना ते हाताच्या लयीत गुणगुणत :

हळू हळू पेरू पूड, नको घाईचा गं हात,
पोलादाची राणी न्हाते तांबियाच्या महालात.

या माणसाविषयी समितीने ‘कामात हलगर्जीपणा’ असे लिहिले आहे. दिनांक २२ रोजी त्या शब्दांवर शिक्का बसेल आणि सव्वीस वर्षे केलेल्या कामातून त्यांचे नाव उडेल. म्हणून हा चौथा अर्ज. भाषा कुठे घसरली तर क्षमा असावी; तीन अर्ज मी सभ्य भाषेत लिहून पाहिले आहेत.

१. समितीतील तिन्ही सन्माननीय सदस्यांनी फलाटावर एकूण अकरा मिनिटे घालवली, त्यातली चार शिरस्त्राण नीट बसवण्यात गेली. म्हणून काम काय असते ते मीच सांगते. वरून वितळलेले पोलाद तांब्याच्या, पाण्याने गार ठेवलेल्या, बिनतळाच्या साच्यात पडते. कडेने त्याची साय धरते आणि ते सलग पट्टा होऊन खाली सरकते. वर आम्ही पावडर पसरतो. पावडरीचा खालचा भाग वितळून स्लॅग होतो, तो पोलाद आणि तांबे यांच्या फटीत तेलासारखा उतरतो. हे वंगण आटले की साय तांब्याला चिकटते, फाटते आणि आतले पोलाद खाली फुटते. अपघाताच्या दिवशी तेच झाले.

२. त्या दिवशी ॲल्युमिनियम जास्त असलेले मिश्र पोलाद ओतायचे होते. त्याला वेगळी पावडर लागते. साध्या पोलादाची पावडर तिथे वितळायला आळस करते, आणि जी वितळते तिच्यात पोलादातले ॲल्युमिनियम शिरून मधासारखा वाहणारा स्लॅग डिंकासारखा होतो. योग्य पावडर हिरव्या पिशवीत येते. ती दोन दिवस आधीच संपली होती. भांडारपालांनी साधी पावडर रिकाम्या हिरव्या पिशव्यांत भरून पाठवली आणि चिठ्ठीवर ‘समतुल्य’ असे लिहिले. समितीने पिशवी पाहिली. पिशवीचे तीन बाजूंनी फोटो काढले. अहवालात नोंदवले, ‘पिशवी हिरवी होती, सबब पावडर योग्य होती.’ आत काय होते ते कोणी चिमटीत धरूनही पाहिले नाही. महोदय, उद्या कोणी वाघाला गायीची झूल घालून दारात बांधला, तर समिती बहुधा चरवी घेऊन बसेल.

३. उरलेली अर्धी पिशवी प्रयोगशाळेत पाठवा, अशी विनंती मी पहिल्या अर्जात केली. उत्तर आले की पिशवी हा पुरावा असल्याने ती उघडता येत नाही. दुसऱ्या अर्जासोबत मी तारा जोडल्या. फलाटावर माझे काम तेच आहे. लाकडाच्या पट्टीला एक लोखंडी आणि एक तांब्याची तार बांधून ती जोडी पावडरीतून खाली बुडवायची आणि काही सेकंदांनी बाहेर काढायची. लोखंडी तार पोलादाला लागेल तिथवर वितळते. तांब्याची त्याच्या वरच, पातळ स्लॅगमध्येच वितळते. दोघींच्या टोकांतला फरक म्हणजे स्लॅगचा थर. आठ मिलिमीटरच्या खाली गेला तर ओतकाम थांबवायचे. अपघाताच्या वीस मिनिटे आधी बुडवलेल्या जोडीत फरक तीन मिलिमीटर आहे. कोणीही पट्टी लावून पाहावी.

तारा परत आल्या. शेरा होता, ‘दस्तऐवज कागदावर असावा.’ मी त्या कागदावर चिकटवून पाठवल्या. पुन्हा परत आल्या : ‘सदर वस्तू भंगार असल्याने भंगार विभागाकडे वर्ग.’ भंगार विभागाने त्या तोलून कळवले की पाच किलोच्या आतील भंगार स्वीकारले जात नाही. म्हणजे माझ्या भावाचे खरेपण या कारखान्यात वजनाला कमी पडले.

४. समितीचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे. नोंदवहीच्या पान ४१ वर त्याच मोजणीच्या वेळेसमोर ‘१०’ लिहिले आहे. स्लॅग दहा होता, म्हणजे पावडर चांगली होती, म्हणजे ती पसरणाराच वाईट होता. हा आकडा माझ्या अक्षरातला आहे, हे मी कधी नाकारले नाही. समितीने विचारले तेव्हा ‘घाईत चूक झाली असेल’ असे मी सांगितले. पण मी पावडरीविषयी बोलू लागले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही सख्ख्या बहीण. तुमची साक्ष धरता येत नाही.” बहिणीचा शब्द चालत नाही आणि बहिणीचा आकडा मात्र चालतो, हा कुठला न्याय?

५. दादा स्टॉपरच्या, म्हणजे वरून पडणारी धार बंद करायच्या बुचाच्या, दांड्यापाशी ‘अनधिकृतपणे’ उभे होते, असे अहवाल म्हणतो. पट्टा फुटला तेव्हा साच्यातली पातळी झपकन खाली गेली, खालून वाफ आणि ठिणग्यांचा लोट वर आला. फोरमनसकट सगळे पळाले. दादा एकटे पुढे गेले आणि दांडा ओढून त्यांनी वरची धार बंद केली. ती बंद झाली नसती, तर खालच्या मजल्यावर पाणी बघणारे सहा जण आज हयात नसते. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या हातांवर पट्ट्या असताना समितीने रुग्णालयात त्यांच्या पुढ्यात झाडू ठेवला आणि सांगितले, “पावडर कशी पसरता ते करून दाखवा.” झाडू हातातून पडला. अहवालात त्याची नोंद आहे : ‘अवजारावर पकड समाधानकारक नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ते एकदा आपल्या घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

६. समितीने दादांना विचारले, “मोजणी किती आली होती?” ते म्हणाले, “मापाचं मला ठाऊक नाही, मी पूड पेरत होतो.” हे खोटे आहे. आयुष्यात त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे एकच खोटे. ते कशासाठी बोलले गेले, हे मी तीन अर्जांत लिहिले नाही. आज लिहिते.

घाईत चूक झाली नव्हती. त्या महिन्यात कमी मोजणी सांगून मी दोनदा ओतकाम थांबवले होते. दुसऱ्या वेळी फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, “या बाईच्या तारांनी कारखान्याला कुलूप लागणार. हिला फलाटावरून काढून झाडलोटीला लावा.” लोक हसले. अपघाताच्या दिवशी मी तारा बाहेर काढल्या तेव्हा तो माझ्या खांद्याशी उभा होता. माझ्याकडे एकटक बघत होता. मी पट्टी लावली. तीन दिसले. नीट, स्वच्छ तीन. साच्यापाशी वाकलेल्या दादांनी मान न वळवता विचारले, “किती गं?”

मी म्हणाले, “दहा.”

“मग बरंय,” ते म्हणाले, आणि पेरत राहिले.

मी ‘दहा’ सांगितल्याचे त्यांनी समितीपुढे माझ्यासाठी दडवले. हलगर्जीपणा कोणाचा ते आता अहवालात लिहावे. दादांचे नाव खोडून तिथे माझे घालावे.

दयेची नव्हे, दुरुस्तीची वाट पाहणारी,

(सही)
तार-मोजणी सहायक, ओतकाम विभाग
दिनांक : १९ सप्टेंबर