पंचाने फोडलेलं अंडं

झ्रेन्यानिन, २० मे १९९६

ती. ल्युबिशादादास वुकोसावाचा सा. न. वि. वि.

नमस्कार केवळ रीत म्हणून.

सारा हिवाळा कागदाच्या पट्ट्या डिंकात भिजवून मी रॉकेटची नळी गुंडाळली. पॅराशूट चिकटू नये म्हणून त्याला पावडर फासली. काल स्पर्धेत ते पोटात कच्चं अंडं घेऊन पार वर गेलं आणि अंड्यासकट सुखरूप उतरलं. माझ्याविरुद्ध उतरलेला झार्को म्हणाला, अंडं उकडलेलं असणार. आणि तू, सख्खा भाऊ, पंचाच्या खुर्चीत बसून ते टेबलाच्या कडेवर आपटलंस! ईस्टरला अंड्यावर अंडं आपटायच्या शर्यतीत जिंकलेलं अंडं लाकडाचं नाही ना, हे फोडून बघायची तुझी जुनी खोड. वर कागदावर लिहिलंस, अंडं फुटलेलं, गुण शून्य! चोर सोडून संन्याशाला फाशी. देशाच्या संघातली माझी जागा गेली. इतरांची अंडी का नाही फोडलीस?

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ तुझ्यापाशीच ठेव.

वुकोसावा

बेली ब्रेग, २७ मे

चि. वुकोसावास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मीही तापलो. निकाल लिहिताना अंडं अख्खं हवं, हा नियम काय मी केला? फोडलं नसतं तर, पंचाने बहिणीला झुकतं माप दिलं, असं झार्को गावभर सांगत सुटला असता. पण तुझी वहिनी म्हणाली, अहो, आभाळातून धड आलेलं अंडं तुमच्या हातात फुटलं. मग ताटावरून तसाच उठलो. स्पर्धेच्या मंडळात जाऊन सांगितलं, अंडं अख्खं होतं, फोडलं मी. त्यांनी शून्य खोडलं. तू पहिली आलीस, संघात गेलीस. मला मात्र पंचपदावरून काढलं, ईस्टरच्या शर्यतीतूनही.

मनात किंतु ठेवू नकोस.

तुझा दादा

झ्रेन्यानिन, ३ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुला काढणारे हे टिकोजीराव कोण? तीस वर्षं उन्हातान्हात तू बसलास, तेव्हा झोपले होते का? काल मंडळात जाऊन चांगली खरडपट्टी काढली. म्हटलं, दादा पंच नसेल तर संघातली जागा द्या दुसऱ्या कुणाला, मी रॉकेट उडवत नाही. अध्यक्ष समजूत काढायला लागले, मी दारापर्यंत गेले. तेव्हा कुठे कबूल झाले.

रविवारी संघाची पहिली चाचणी आहे. खुर्ची तुझीच. वहिनीलाही आण.

हात मात्र खिशात घालून बस.

तुझीच,
वुकोसावा