चपट्या पृथ्वीवरचं ग्रहण

बाबा, तुमचा धाकटा माझ्याशी बोलत नाही, आज बारा दिवस झाले. तुम्ही असता तर दोघांना शेजारी शेजारी जेवायला बसवलं असतं आणि विषय मिटला असता. भांडण कशावरून, तर पृथ्वी गोल की चपटी! हसू नका. दिग्रसच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून म्हणतो, "दादा, पृथ्वी पोळीवानी सपाट हाये, सूर्य वरून फिरून राह्यला."

आधी मी चेष्टेवारी नेलं. पण त्याची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि त्या संध्याकाळी चंद्रग्रहण. गर्भारणीनं ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही. पुसदहून विहीणबाईंचे सकाळपासून तीन फोन, वेळ नक्की सांगा म्हणून. दुपारी मी गेलो तर पोरगी स्वयंपाकघरात दुधात, लोणच्यात तुळशीची पानं टाकते आहे, आणि हा भिंतीवरच्या कॅलेंडरातून तिला वेळ वाचून दाखवतो आहे. झालं! माझी जीभ सुटली.

"कॅलेंडर कायले पाह्यतं? तुह्या पोळीवरून काढ न टाइम."

"आमच्या सपाटवाल्या लोकायनंबी हाच टाइम देल्ला हाये," म्हणत त्यानं मोबाइल पुढे केला. मिनिटाचा फरक नव्हता.

"फरक असंल कसा, बह्याडा? इथूनच तर उचलला!"

मग मी सुरूच झालो. ही वेळ निघते ती गोल पृथ्वीची सावली चंद्रावर कधी पडेल, या गणितातून. दिग्रसला चंद्र किती वाजता उगवेल, हेही पृथ्वी गोल धरूनच काढतात. तुझ्या नकाशात सूर्य-चंद्र दोघंही वरच फिरतात, मग सावली कोणाची, आणि ती आजच काहून? त्यानं मोबाइलवर तो चपटा नकाशा उघडला, बोट ठेवलं, उचललं. एक आकडा निघेना. तिथं मी थांबायला हवं होतं. पण सातवीत मी गाईडमधून उत्तर उतरवलं तेव्हा तुम्ही साऱ्या वर्गासमोर म्हणाला होतात, "उत्तर बरोबर हाये, पण तुह्यं नाही." तेच मी त्याला पोरीसमोर ऐकवलं, आणि वर हसलो. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बाबा तुलेच सारं शिकवून गेले," एवढंच बोलून तो मागच्या दारानं निघून गेला.

गणितच मांडून दाखवू, म्हणजे त्याची समजूत पटेल, म्हणून घरी येऊन तुमची वही काढली. दर ग्रहणाची वेळ तुम्ही स्वतः काढून फळ्यावर लिहायचात, ती वही. चार दिवस बसलो. दुसऱ्या पानाच्या पुढे जाता आलं नाही. पृथ्वी गोलच आहे, त्यात तसूभर शंका नाही. जो शिकेल त्याला तुमच्या वहीतून वेळ काढता येईल, धाकट्याच्या पोळीवरून कोणालाच येणार नाही. पण मी शिकलो नाही. तुम्ही कधी बसवलं नाही, मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं मीही कॅलेंडरच वाचत आलो.

काल त्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. गाडी बंदही केली नाही, तसाच परत आलो. माफी मागायची लाज नाही वाटत, बाबा. तुम्ही मलाही शिकवलं नव्हतं, हे त्याला सांगायची वाटते.