पांढऱ्या रंगाखालची सही

सर, परवा खोपोलीत तुमच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. पुस्तकांसाठी काढलेली मूळ चित्रं तुमच्या मुलाने चौकटी करून भिंतीवर लावली आहेत. छापील पानात जे कधी दिसत नाही ते मूळ चित्रात दिसतं: पेन्सिलीच्या रेघा, चिकटवलेले तुकडे, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका. मी त्यासाठीच गेले होते. श्रद्धांजली वाहायला नव्हे, डूख धरून गेले होते.

दहिवलीचं तुमचं स्वयंपाकघर, मी तुमच्याकडे चित्रकला शिकायला यायचे तेव्हाचं. पुण्याच्या प्रकाशकाची घाई आहे, तुमच्याच्याने सगळं उरकत नाही, म्हणून भातलावणीचं चित्र मी काढतेय. काकू माझ्या कोपराजवळची परात सरकवून मला जागा करून देतात. चित्र संपतं आणि मी कोपऱ्यात बारीक सही करते. तुम्ही हसता. "सही कसली करतेस गं? अजून रेघ सरळ येत नाही, आणि निघाली नाव लावायला!" मग माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही पांढरा रंग फासलात, त्यावर तुमची सही ठोकलीत आणि तो ब्रश मलाच धुवायला लावलात. पुस्तक आलं तेव्हा माझे बाबा पोशीरहून नव्या तांदळाची गोणी घेऊन तुमच्या दारात आले. "पोरीचं चित्र छापलंत सर, रिकाम्या हाती कसा येऊ? पन तिचं नाव कुठं हाय?" पुढच्या आवृत्तीत येईल, म्हणालात. गोणी मात्र ठेवून घेतलीत. बाबा अगदी मरेपर्यंत मला विचारायचे, "आली का गं ती आवृत्ती?"

परवा तेच चित्र समोर होतं. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे निघालेत, सर. त्यांच्याबरोबर तुमची अर्धी सही गळून पडलीय आणि खालून माझं नाव वर आलंय. मी तुमच्या मुलाला हाक मारली. "वाच रं, काय लिवलंय?" त्याने वाचलं, मोठ्याने. आजूबाजूची माणसं जमली. तो हळूच म्हणाला, "ताई, बाबा गेले आता. कशाला?" मी म्हटलं, "ते गेले, मी हाय ना अजून. चित्राखालची नावाची पाटी बदल." त्याने बदलली. तुमच्या नावाची जुनी पाटी त्याने खिशात घातली. मला दया आली नाही, उलट जीव थंड झाला. हे बघायला तुम्ही नव्हतात, एवढाच राग राहिला.

मग बाकीची चित्रं पाहिली, खरोखर तुमच्या हातची. नदीत डुंबणाऱ्या म्हशींपुढून पाय निघेना. पाण्याबाहेर नुसती शिंगं आणि नाकपुड्या, तरी पाण्याखालचं सगळं जडशीळ अंग दिसतं. माझं चित्र त्याच्या जवळपासही जात नाही. एवढा हात असताना माझी बोटभर जागा तुम्हाला कशाला हवी होती? तुमचा हात माझ्याहून सरस होता, हे मी तिथे कुणापाशी बोलले नाही. हे पत्र तुम्हाला पोचण्याची काही सोय असती, तर इथेही लिहिलं नसतं.