मागच्या दाराची करकर

४ जून

चि. धाकटीस अ. आ.

वि. वि. आपल्या बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघतो आहे. ज्या ॲसिड जॅझ आणि सोल संगीताला बाबा शेवटपर्यंत ‘आम्लपित्ताचं संगीत’ म्हणत आले, ते आपणा सगळ्यांना चष्मे लागल्यावर कंपनीने ‘अजरामर’ ठरवलं आहे. बास गिटारवाल्याने आनंदाच्या भरात केस रंगवले. आता तो स्वतःचाच धाकटा मेहुणा दिसतो.

सोबत संग्रहाची नवी प्रत आणि संमतीपत्र आहे. शेवटी अर्थात सभागृहात ध्वनिमुद्रित झालेलं तुझं ते गाणं. माझा ऑर्गनचा सोलो ऐन रंगात असताना तू मध्येच घुसलीस, आणि त्या प्रमादाला लोक आजवर ‘काय उत्स्फूर्त!’ म्हणत आले. मी त्याचं परिमार्जन केलं आहे. तालमीच्या टेपमधून सोलो पुरा करून घेतला, तुझा आवाज त्याच्यामागे सरकवला. सभागृहाच्या मागच्या दाराची करकरही पुसून टाकली. गाणं आता सभ्य झालं आहे.

सही करून धाडावी. लोभ शिल्लक असल्यास तोही.

दादा


११ जून

ती. दादास सा. न. (सवयीने लिहिला आहे, मनावर घेऊ नये.)

संमतीपत्र कोरंच परत पाठवते आहे. प्रत ओट्याशी उभ्याने ऐकली आणि हातातली बशी आपटली. याला सभ्य म्हणतात होय? मढ्याला पावडर लावली आहेस. तुझ्या त्या सोलोचं सुतक घरातल्या प्रत्येक जेवणात पाळलं आम्ही. आता ते विकायलाही काढलंस!

मी घाई केली नव्हती. तुझी पाठ लोकांकडे, डोळे मिटलेले, स्वतःवरच प्रसन्न. मला मात्र मागचं दार दिसत होतं. ते करकरलं आणि बाबा आत आले. शाळेतून थेट, हातात वह्यांची पिशवी. उभेच राहिले. तुझं वाजवणं ऐकून कपाळाला आठ्या, आणि हात पुन्हा दाराच्या मुठीवर. दार करकरायला लागलं तशी मी गायला लागले. दुसरं काय करणार होते?

मग दिव्याचा झोत डोळ्यांवर आला. पुन्हा पाहिलं तर दाराशी कोणी नव्हतं. थांबले की गेले, कधीच कळलं नाही. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही, मीही नाही. तुला सांगितलं असतं तर ते तुझ्यासाठीच आले होते असं तू घरभर सांगत सुटला असतास. माझ्याकडे त्यांची तेवढी एक करकर होती, ती तू पुसलीस.

गाणं होतं तसं हवं. नाहीतर सही नाही, आणि मीही नाही. प्रकृतीला जप, भांडायला माणूस धडधाकट लागतो.

धाकटी


१९ जून

चि. धाकटीस आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझ्या पत्राची भाषा बाबांनी तांबड्या शाईने रंगवली असती. असो. कंपनीत जाऊन मूळ टेप काढायला लावली. ध्वनिमुद्रकाला वाटलं, मी माझाच सोलो ऐकायला आलो. बिचाऱ्याने सहानुभूतीने चहा मागवला.

दार एकदा पूर्ण करकरतं. नंतर, तुझ्या आवाजाच्या अलीकडे, अर्धं. तू गायला लागतेस आणि ते तिथेच थांबतं. उरलेल्या अर्ध्याची वाट पाहत मी हेडफोन कानांवर दाबून बसलो होतो. कडवी गेली, शेवट गेला, टाळ्या गेल्या. पार खुर्च्या सरकायला लागल्यावर ते दार वाजतं. दाराशी कोणी नव्हतं, कारण म्हातारा मागच्या रांगेत बसला असणार. गुडघे दुखायचे त्यांचे.

तालमीचा जोडलेला सोलो काढून टाकला आहे. गाणं होतं तसं, सगळ्या करकरींसकट. तू घुसलीस ती चूकच होती, हे माझं मत कायम आहे. नवं संमतीपत्र सोबत.

थांबले ते तुझ्यासाठी, हे लेखी देतो. पण दार पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी वाजवत होतो. तेवढं मला राहू दे.

दादा