तुझं डबडं भंगारात जाणार नाही

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुला लिहायचं धाडस होत नव्हतं. आज लिहितेय, कारण उद्या भंगारवाला तुझा जुना कॉम्प्युटर न्यायला येणार होता आणि मी त्याला नको म्हणून कळवलंय. दादा चिडलाय. चिडू दे.

झालं असं, की आपल्या तुर्भ्याच्या भरतकामाच्या गाळ्यातल्या माझ्या नव्या लॅपटॉपला व्हायरस लागला. भरतकामाचं सॉफ्टवेअर मी कुठूनतरी फुकटात उतरवलं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "फुकट ते पौष्टिक, नाही का?" शाळांच्या बॅजची सगळी डिझाइन्स कुलूपबंद झाली. पैसे पाठवा, मग उघडू, असा निरोप पडद्यावर. आणि शाळा उघडायला पंधरा दिवस!

दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मग कोपऱ्यातल्या तुझ्या कॉम्प्युटरकडे बघून हसला. "मॅडम, त्याला काय नाय होनार. नेटच नाय, तर चोर घुसनार कुठून?"

किती चेष्टा करायचो आम्ही त्याची! बाहेरची फ्लॉपी तू कधी आत घालू दिली नाहीस, जणू कुणाचा उष्टा चमचाच. एका खंडेनवमीला मी भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं फ्लॉपीच्या फटीत गेलं. तू ब्रश घेऊन दिवसभर साफ करत बसलीस. त्याला धोका होता तो फक्त माझा.

पण एक विचारू? तो चालवायच्या कमांड कुठेच का लिहून ठेवल्या नाहीस? सगळं तुझ्या बोटांत. दोन दिवस मी नुसती चाचपडले. तिसऱ्या दिवशी तुझ्या फ्लॉपीवरच्या जुन्या डिझाइनवरून मशीनवर पहिला बॅज भरून निघाला, तेव्हा तिथेच बसून रडले. बॅज वेळेत पोचले, आई.

एक सल मात्र जात नाही. "आता पुरे, करंजाड्याला घरी बस," असं तुला मीच म्हणाले होते. तुझे हात चांगले चालत होते गं. तू गाळ्याच्या चाव्या काढून माझ्या हातात ठेवल्यास.

दादा म्हणतो, "असं किती दिवस चालणार ते डबडं?" खरंय. व्हायरसने नाही, तरी धुळीने, दमट हवेने, वयाने ते थकणारच. म्हणून कमांड वहीत उतरवल्यात, प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत केलीय. नेट त्याला जोडू देणार नाही, कोणी कितीही सांगो.

शब्द देते. ते म्हातारपणाने जाईल तेव्हा जाईल. चालते हात घरी बसवायची चूक मी पुन्हा करणार नाही.

तुझीच,
सुमी